पाठीवरचं नाव

लिंडसे कर्स्लेकला नाही म्हणता येत नाही. हा काही गुण नव्हे, हे मी आधीच सांगून ठेवते. आमच्या लॉक गावात सगळे त्याला देवमाणूस म्हणतात आणि ते ऐकलं की माझं डोकं उठतं. देवमाणूस कसला! पबवाल्यानं एकदा चुकून त्याच्यापुढे काळी बिअर ठेवली, यानं "वा, छान" म्हटलं, आणि तेव्हापासून दर शुक्रवारी तो ती कडू बिअर मुकाट्यानं पितोय. प्लंबरची बायको दोन दिवसांसाठी म्हणून कुत्रा ठेवून गेली. तो कुत्रा म्हातारा होऊन याच्याच अंगणात मेला. लग्नालासुद्धा हा नाही म्हणाला नसता, पण कुणी विचारलंच नाही.

मी मर्ना नॉस्के. लिंडसेचा धाकटा भाऊ गार्थ, त्याचं शेत माझ्या शेताला लागून आहे, मध्ये फक्त तारेचं कुंपण. लिंडसे गावात राहतो आणि कौन्सिलचं ग्रेडर चालवतो, म्हणजे पावसानं उखडलेले मातीचे रस्ते सपाट करतो. दिवसभर एकटा, यंत्राच्या केबिनमध्ये. माणसांशी न बोलायची सवय तिथूनच लागली असेल, किंवा बोलायला नको म्हणूनच ती नोकरी धरली असेल. दोन्ही खरं.

दोन वर्षांपूर्वी गार्थ गप्प झाला. तसे आमच्याकडचे पुरुष गप्पच असतात, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याची बायको डेब म्हणायची, "झोप नाही लागत त्याला, बाकी काही नाही." एका सकाळी लिंडसे सहज चहाला म्हणून गेला तर गार्थ शेडमध्ये उलट्या बादलीवर बसलेला, मांडीवर बंदूक. लिंडसेनं काही विचारलं नाही, नेहमीसारखाच. शेजारी दुसरी बादली उपडी घालून बसला. दुपारपर्यंत बसला. मग गार्थ म्हणाला, "घे बाबा ही," आणि लिंडसेनं ती बंदूक आणून माझ्या स्वयंपाकघरामागच्या कपाटात ठेवली. अजून तिथंच आहे, आणि किल्ली कुठे आहे ते मी कुणाला सांगणार नाही. गार्थ डॉक्टरकडे गेला, गोळ्या घेतल्या, शहरातल्या एका नर्सशी आठवड्यातून एकदा फोनवर बोलायला लागला. हळूहळू उभा राहिला. त्यानं आमच्याकडून एकच वचन घेतलं. ही गोष्ट कुंपणाबाहेर जायची नाही.

मग ती सायकलयात्रा आली. पोर्ट ऑगस्टापासून किंबा, वुडिना, स्ट्रीकी बे करत समुद्राकाठानं पोर्ट लिंकनपर्यंत. पैसे जमवायचे ते अशा नर्ससाठी, जी शेतांवर घरोघर जाईल आणि गप्प झालेल्या माणसांशी बोलेल. पबमध्ये कुणीतरी म्हणालं, "लिंडसे, तू येशील ना?" आणि झालं! छप्पन्न वर्षांचा माणूस, पोट स्टिअरिंगला टेकतं, शाळा सुटल्यापासून सायकलला हात लावलेला नाही. कुठल्याशा शेतावरच्या लिलावातून सायकल आणली. ती घट्ट चड्डी घालून पहिल्यांदा सरावाला निघाला तेव्हा गार्थ कुंपणाशी उभा राहून इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. डेब मला म्हणाली, "मर्ना, हा आवाज मी किती दिवसांनी ऐकतेय गं." म्हणून मीही माझी व्हॅन घेऊन जायला तयार झाले. माझं काम सगळ्यांत मागून चालायचं आणि जो दमेल त्याला उचलायचं.

पोर्ट ऑगस्टाला प्रत्येकाला एक पांढरं कापड आणि जाड पेन दिलं. ज्याच्यासाठी सायकल चालवताय त्याचं नाव लिहा आणि पाठीला लावा. लिंडसेनं मोठ्या अक्षरात लिहिलं, गार्थ.

मी म्हटलं, "त्याला विचारलंस का?"

"नुसतं नाव तर आहे, मर्ना. आडनाव कुठं लिहिलंय?"

"आणि उद्या कुणी विचारलं, कोण हा गार्थ, तर?"

"कोण विचारतंय!"

बाकीच्यांच्या पाठीवरची नावं कुणाची, हे आम्हा दोघांनाही तेव्हा कळलं नाही. ती सगळी गेलेल्यांची होती. मुलं, बाप, नवरे. पहिल्यांदाच आलेल्या माणसाला हे कुणी सांगितलं नाही, कारण बाकीच्यांना ते सांगण्यासारखं वाटलंच नाही.

दोन दिवस समोरून पश्चिमेचा वारा. तीन-तीन डबे जोडलेले ट्रक जवळून जायचे आणि लिंडसे रस्त्याकडेच्या खडीत जायचा, परत वर यायचा. बाकी सगळे पुढे, हा शेवटी, आणि त्याच्या मागे मी, बैलगाडीच्या चालीनं. दिवसभर समोर ती रुंद पाठ, घामानं चिकटलेलं कापड आणि त्यावर गार्थचं नाव. बसायची जागा सोलवटली होती, कोंबडीसारखा फेंगडा चालायचा, पण एकदाही गाडीत बसला नाही. मला त्याचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

किंबाच्या हॉलमध्ये तिथल्या बायकांनी जेवण केलं होतं. भोपळ्याचं सूप, खारवलेलं मांस, खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक. मी बाहेर नळावर पाण्याचे कॅन धूत होते, म्हणून आत जे घडलं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. एव्हिस पॉबजॉय नावाची बाई सूप वाढत होती. लिंडसे वळला तसं तिनं त्याच्या पाठीवरचं नाव वाचलं.

"कोण तुझा हा?"

"भाऊ. धाकटा."

तिनं पळी खाली ठेवली आणि त्याला मिठीच मारली. "अरे देवा! माझा ट्रेंट. तीन वर्षं झाली." आणि ती रडायला लागली. आता या क्षणी बोलायचं होतं, "बाई, माझा भाऊ जिवंत आहे." पण पोटचा पोर गेलेल्या बाईच्या मिठीत उभं राहून कसं म्हणायचं, माझा आहे म्हणून? लिंडसेच्या तोंडात मिठाची गुळणी. त्यानं नुसती मान हलवली. ती त्याला बाकावर घेऊन बसली आणि आपल्या मुलाबद्दल बोलत राहिली. सूप कुणी दुसरीनंच वाढलं.

सकाळी निघताना ती सँडविचचा डबा घेऊन आली, त्याचे गाल दोन्ही हातांत धरले आणि म्हणाली, "भावाची बायको एकटी पडली असेल रे. कुठं असते ती?"

"लॉकला, कर्स्लेकच्या शेतावर," लिंडसे म्हणाला. बघा! विचारलं की उत्तर द्यायचं, एवढंच याला ठाऊक.

मी गाडीत दोर बांधत होते, कानावर पडलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. बाईला हाक मारायला वळले तोवर तिची गाडी गेलीसुद्धा.

"एकटी पडली म्हणजे काय? काय सांगितलंस तू त्या बाईला?"

"मी काहीच सांगितलं नाही."

"तेच तर! गाढवा, जित्याजागत्या भावाला मारून बसलास!"

तो सायकलचं हँडल धरून उभा. मान इतकी खाली की हेल्मेट तेवढं दिसत होतं. "ती रडत होती, मर्ना. मला लाज वाटली."

"कशाची?"

"माझा वाचला याची."

मी म्हटलं, "आज वुडिनाला पोचलो की त्या आयोजकांना सांग. नाहीतर मी सांगते." तो हो म्हणाला. तो हो म्हणाला यात नवल काय? तो सगळ्यालाच हो म्हणतो.

वुडिनाला पोचायला त्याला इतका उशीर झाला की हॉलमध्ये सगळे आधीच उभे होते. जेवणाआधी पाठीवरची नावं वाचून दाखवत होते आणि मग एक मिनिट शांतता. आम्ही दारातून आत शिरलो आणि कुणीतरी याच्या पाठीवर बघून यादीत भर घातली, "आणि गार्थ." शंभरेक माणसं माना खाली घालून उभी राहिली. माझ्या शेजाऱ्यासाठी, जो त्या वेळी घरी गव्हाच्या पेरणीवरून येऊन पाय पसरून बातम्या बघत बसला असेल! मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्या नावांत खरी गेलेली माणसं होती, त्यांच्या आया तिथं उभ्या होत्या. त्यांच्या मधोमध कोण ओरडणार? लिंडसेकडे पाहिलं तर तो पांढराफटक. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, तसा उभा. जेवला नाही. मी विचारलं, "आता?" तर म्हणाला, "उद्या. उद्या नक्की."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी डेबचा फोन आला. मी त्याच्या मागून गाडी चालवत होते, रस्त्याकडेला थांबवली.

"मर्ना, कुणा एव्हिस पॉबजॉयला ओळखतेस?"

मी इंजिन बंद केलं.

आमच्याकडे कुणी वारलं की त्या घरात चूल पेटवायची वेळ येऊ देत नाहीत. लोक रांधून आणून देतात, ओव्हनमधून निघालेल्या भांड्यासकट, आणि भांड्याच्या तळाला नावाची चिकटपट्टी असते, परत कुणाला द्यायचं ते कळावं म्हणून. एव्हिस किंबाहून दीड तास गाडी चालवत मटण आणि बार्लीचं भांडं घेऊन आली होती. लॉकमध्ये पेट्रोल भरताना कर्स्लेकचं शेत विचारलं, पत्ता मिळाला. दार वाजवलं. डेब कोंबड्यांकडे होती. पेरणीचं बियाणं संपलं म्हणून गार्थ घरी आला होता, त्यानं मोज्यांवरच दार उघडलं.

बाई म्हणाली, "मी गार्थच्या बायकोला भेटायला आलेय. फार वाईट झालं. तू तिचा भाऊ का?"

"नाही," तो म्हणाला, "मीच गार्थ."

बाई पायरीवर बसलीच. डेब धावत आली तेव्हा गार्थ तिच्या पाठीवरून हात फिरवत होता आणि ती म्हणत होती, "पण त्यानं मान हलवली. त्यानं मान हलवली." गार्थनं तिला चहा करून दिला. ती भांडं तिथंच टाकून निघून गेली. मग गार्थनं गाडी काढली.

"कुठं गेलाय?" मी विचारलं.

"तुमच्याकडेच," डेब म्हणाली. "मर्ना, तो काही बोलला नाही गं. मला भीती वाटतेय."

भीती मलाही वाटली. दोन वर्षं सांभाळलेलं एक माणूस, आणि त्याचं गुपित या येड्यानं पाठीला लावून गावोगाव फिरवलेलं. या यात्रेत नाव आलं म्हणजे माणूस कशानं गेला हे कुणाला सांगावं लागत नाही. मी लिंडसेला गाठून सगळं सांगितलं. तो सायकलवरून उतरला. मी म्हटलं, "गाडीत बस." तो म्हणाला, "नको," आणि सायकल हातात धरून तिथंच मैलाच्या दगडापाशी उभा राहिला. तासभर आम्ही दोघं उभे. दोन्हीकडे नुसतं झुडपांचं माळरान आणि तो वारा.

गार्थ आला. गाडी थांबवली, उतरला, भावाच्या मागे गेला आणि पाठीवरचं नाव वाचलं. बराच वेळ वाचत राहिला, जसं काही पानभर लिहिलंय.

"वुडिनाला पेट्रोल भरताना कळलं. एक मिनिट उभे राहिले म्हणे माझ्यासाठी."

"गार्थ..." लिंडसे म्हणाला.

"थांब. तू दोन दिवस गप्प बसलास ना? आता पाच मिनिटं बस." त्याचा आवाज वर गेला नाही, तेच वाईट होतं. "मी रोज सकाळी उठतो. तुला ठाऊक नाही ते काय असतं. डोळे उघडतात आणि आधी ठरवावं लागतं, उठायचं. मग उठायचं. शेतात इतकी वर्षं राबलो, पण जिवंत राहण्याइतकं कष्टाचं काम मी दुसरं केलं नाही. कुणी शाबासकी देत नाही, मी मागतही नाही. आणि तुला, लिंडसे, तुला एवढं म्हणता आलं नाही, जिवंत आहे म्हणून?"

लिंडसे रडत होता. नाकातून पाणी, घट्ट चड्डी, हातात सायकल. इतका केविलवाणा माणूस मी पाहिला नाही, आणि तरी मला त्याची दया आली नाही. जनाची नाही तर मनाची तरी, असं मनात आलं.

"मला लाज वाटली," तो म्हणाला.

"मला नाही वाटत आता," गार्थ म्हणाला. "आज सकाळपर्यंत वाटायची. त्या बाईला पायरीवर बसवून सगळं सांगून टाकलं मी. बादली, बंदूक, सगळं." मग तो गाडीकडे गेला आणि धुतलेलं, रिकामं काचेचं भांडं घेऊन आला. "माझ्या मरणाचं जेवण मीच जेवलो. चांगलं होतं. हे तिला तू नेऊन द्यायचंस. आणि ते नाव काढू नकोस. तसंच राहू दे, आणि विचारतील त्याला सांग."

तो गेला. लिंडसेनं भांडं माझ्या गाडीत ठेवलं आणि सायकलवर बसला.

त्या संध्याकाळी स्ट्रीकी बेच्या हॉलमध्ये लिंडसे उभा राहिला. त्याला चारचौघांत बोलताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "माझा भाऊ जिवंत आहे," तो म्हणाला. "काल तुम्ही त्याच्यासाठी उभे राहिलात. मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही." एक शेतकरी, त्याच्या पाठीवर मुलाचं नाव होतं, हातातली बशी टेबलावर ठेवून बाहेर निघून गेला. लिंडसे उभाच राहिला, कारण बसायचं कधी हेही त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पोर्ट लिंकनपर्यंत त्याच्याशी फारसं कुणी बोललं नाही. तो रोज शेवटी पोचायचा आणि एकटा जेवायचा. शेवटच्या दिवशी तो बाहेर गेलेला शेतकरी त्याच्या शेजारी येऊन बसला आणि त्यानं मीठ मागितलं. एवढंच.

मग मी त्याला किंबाला घेऊन गेले. गाडी अंगणाबाहेर लावली, काच खाली केली. मला ऐकायचं होतं, उगाच सोवळेपणा कशाला करू. त्यानं दार वाजवलं. एव्हिसनं उघडलं, भांडं बघितलं, त्याच्याकडे बघितलं.

"मी चुकलो," तो म्हणाला. "तुम्ही विचारलंत तेव्हाच सांगायला हवं होतं."

तिनं भांडं घेतलं, उलटं करून नावाची पट्टी बघितली, जणू खात्री करायची होती. मग म्हणाली, "ट्रेंटचं जे तुला सांगितलं, ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं. त्याच्या बापालासुद्धा नाही. तुझाही गेलाय असं समजून सांगितलं मी. आता ते मी परत कसं घेऊ? सांग मला."

नेहमीचा लिंडसे असता तर मान हलवून मोकळा झाला असता.

"नाही घेता येणार," तो म्हणाला. "पण मी ते कुणाला सांगितलेलं नाही. सांगणार नाही."

घरात कुठंतरी रेडिओ चालू होता.

"तुझा भाऊ म्हणाला, रोज सकाळी ठरवून उठावं लागतं. अजूनही?"

"हो. अजूनही."

"मग त्याला सांग," ती म्हणाली. "ट्रेंटचं सगळं त्याला सांग, मी तुला सांगितलं तसंच्या तसं. एकही शब्द गाळू नकोस. आईकडे मागे काय उरतं, ते त्याला कळू दे." आणि तिनं दार लावून घेतलं. आत ये म्हणाली नाही.

एव्हिसनं त्याला काय सांगितलं होतं ते मला आजतागायत माहीत नाही, आणि मी विचारलेलं नाही. माझ्यासारख्या बाईला ते किती जड गेलंय, माझं मला माहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी लिंडसेला गार्थच्या शेतात चालत जाताना पाहिलं. ट्रॅक्टर थांबला, तो वर चढला, दार लागलं. पेरणीच्या दिवसांत गार्थ जेवायलासुद्धा ट्रॅक्टर थांबवत नाही, डेब डबा बांधावर नेऊन देते. त्या दिवशी डेबनं डबा आणला, लांबून केबिनकडे पाहिलं आणि तो बांधावरच ठेवून ती परत गेली. ट्रॅक्टर अर्ध्या शेतात तसाच उभा होता, मी संध्याकाळी दिवा लावला तोवर.